गावकारभार आणि कायदा : लेखांक ६
ग्रामसभेपासून प्रभागापर्यंत : निर्णयात रहिवाशांचा वाटा

भंडारा जिल्ह्यात सामाईक बाबींवर गावकऱ्यांचे म्हणणे विचारात घेण्याची पद्धत पंचायत राजपेक्षा जुनी आहे. तलावाचे पाणी, मासेमारी, वहिवाटीचे रस्ते यांविषयीचे रिवाज मालगुजारीच्या काळात ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदले जात. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि बहुतेक तलाव सरकारकडे गेले. माजी मालगुजारी तलाव म्हणून त्यांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भासाठी निस्तारपत्रकाची तरतूद कायम राहिली. गुरचराई, सरपण, माती, मुरूम यांसाठी पडीक सरकारी जमीन कशी वापरायची, हे त्यात ठरते. जिल्हाधिकाऱ्याने त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करावा आणि गावकऱ्यांचे मत घेऊन तो अंतिम करावा, असा नियम आहे.

सध्याच्या व्यवस्थेत ही जागा ग्रामसभेची आहे. गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते. त्यासाठी निवडून यावे लागत नाही. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. तिचे कामकाज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ नुसार चालते. आर्थिक वर्षात किमान ४ सभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. नियमित सभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे मोजक्या लोकांच्या उपस्थितीतही ठराव मंजूर होऊ शकतो.

उपस्थिती कमी राहण्यामागे शेतीचे वेळापत्रकही असते. ग्रामसभा प्रामुख्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. मे महिन्यात जंगलालगतच्या गावांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पाऊस लांबला, तर ऑगस्टच्या मध्यातही धानाची रोवणी सुरू असते. मजुरी बुडवून सभेला जायचे, तर तिथे काहीतरी ठरणार आहे, असा भरवसा लागतो. घरकुलाची यादी वाचली जाणार असेल तेव्हा गर्दी होते आणि जमाखर्चाचे वाचन होताना ती ओसरते, ते यामुळेच.

सभेत पैशांचे नियोजनही होते. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना मिळू लागल्यावर ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमातून गावाचा विकास आराखडा तयार होऊ लागला. आराखड्याला ग्रामसभेची मान्यता लागते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा मोठा हिस्सा मात्र ‘बंधित’ असून तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करावा लागतो. नालीपेक्षा तलावाच्या पाळीची दुरुस्ती निकडीची वाटली, तरी कोणता पैसा कुठे चालतो, हे सभेला आधी कळावे लागते. ही माहिती केवळ ग्रामपंचायतीच्या सचिवाकडे राहिली, तर निवडही त्याच्याच हाती राहते.

काही बाबतींत लोकांच्या मतावाचून निर्णयच होत नाही. दारू दुकान बंद करण्याबाबतच्या २००८च्या आदेशानुसार २५ टक्के महिला किंवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी बाटली असते. निम्म्याहून अधिक नोंदणीकृत मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला, तरच दुकान बंद होते. त्यामुळे घरी बसलेल्याचे मत आपोआप दुकानाच्या पारड्यात पडते. वनहक्क कायदा, २००६ मध्येही लोकांच्या मतावाचून निर्णय होत नाही. भंडारा जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीत नसल्याने अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा इथे लागू नाही. वनहक्क कायदा मात्र लागू आहे. सामूहिक वनहक्काच्या दाव्यावर ग्रामसभेने ठराव करावा लागतो. त्या सभेत निम्मे सदस्य हजर असावेत आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात, अशी अट आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यासगटात विषय आधी समजून घेण्याची अनेक वर्षांची सवय होती.

शहरांत रहिवाशांच्या सहभागाची ही बाजू लंगडी पडते. भंडारा, तुमसर, पवनी आणि साकोली येथे नगरपरिषदा, तर मोहाडी, लाखनी आणि लाखांदूर येथे नगरपंचायती आहेत. ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, त्या ३ लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. २०११च्या जनगणनेत भंडारा शहराची लोकसंख्या सुमारे ९२ हजार होती. इथल्या रहिवाशाला ग्रामसभेसारखे घटनादत्त व्यासपीठ नाही. विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना नोंदवणे, मालमत्ता कराच्या आकारणीवर आक्षेप घेणे आणि प्रभागातील दारू दुकानाविरुद्ध मतदानाची मागणी करणे, असे काही मार्ग त्याच्यासाठी खुले आहेत. पहिल्या दोन मार्गांना मुदत असते. ती चुकली की म्हणणे नोंदलेच जात नाही.

या सर्व तरतुदींत फरक पडतो तो एकाच गोष्टीने : लोकांचे मत निर्णयाला आवश्यक आहे की केवळ ऐच्छिक. वनहक्काच्या सभेत गणपूर्तीवाचून ठराव होत नाही, म्हणून लोकांना बोलावण्याची धडपड होते. तहकूब ग्रामसभेत गणपूर्तीतून सूट मिळते, म्हणून बोलावणे दवंडीवरच थांबते. विषयपत्रिका आधी लावणे, जमाखर्च सोप्या भाषेत वाचून दाखवणे, वाडी-टोल्यांत आधी बैठका घेणे आणि मागील ठरावांचे काय झाले ते पुढच्या सभेत सांगणे, ही कामे कायदा न बदलताही ग्रामपंचायतीला करता येतात.