डायलिसिसच्या रोग्याने हृदय सांभाळावे

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील डायलिसिस केंद्रांतून मुरबाड-शहापूरकडील शेतकरी बंधू अलीकडे पुष्कळ दिसतात. महसूल खात्यातील कारकुनीतून मोकळे झाल्यावर आमच्या एका वृद्ध आप्तांस घेऊन आम्हांसही कल्याणास वारंवार जावे लागले. आमचा समज असा होता की, या रोग्यास भीती ती मूत्रपिंडाचीच. परंतु यंत्राने रक्त शुद्ध होत असताही अशा रोग्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण हृदयविकार हेच असते.

याचे कारण उघड आहे. निरोगी मूत्रपिंड अहोरात्र काम करते. यंत्र आठवड्यातून दोन-तीन वेळा, सुमारे ४ तास चालते. मधल्या दिवसांत पाणी, मीठ, पोटॅशियम व फॉस्फरस शरीरात साचतात. वाट बंद केलेल्या खाचरात पाणी चढले म्हणजे बांधावर ताण येतो, तसाच हृदयावर येतो. त्याची भिंत जाड होते. फॉस्फरसमुळे रक्तवाहिन्यांत चुना बसून त्या ताठर होतात. आणि पोटॅशियम फार वाढल्यास हृदय एकाएकी बंद पडते.

अमेरिकेतील सुमारे ३२ हजार रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातील दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण दर १०० रुग्णवर्षांस २२.१, तर इतर दिवशी १८.० आढळले.

लोकनायक जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे १९७५ साली आणीबाणीतील स्थानबद्धतेत निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले व पुढे सुमारे ४ वर्षे ते त्यावर जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यास त्यांचे देहावसान झाले, ते मधुमेह व हृदयविकार यांमुळे.

आमच्या आप्तांनी गेल्या आषाढात, आवणीस माणसे मिळाली म्हणून, शनिवारची पाळी चुकविली. रविवारी केंद्र बंद. सोमवारी रात्री त्यांस इतका दम लागला की, आडवे होता येईना. उजाडण्यापूर्वी गाडी करून कल्याणास नेले, म्हणून प्राण वाचले. चार गुंठ्यांची आवणी मात्र शेजाऱ्यांनी एका दिवसात उरकून दिली! जे काम दुसऱ्यास सांगता येते, त्यासाठी पाळी बुडविणे हा कोठला हिशेब?

तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्या. पाळी चुकवू नये. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवावे. एकाएकी वाढले तर ते पाणीच समजावे. सुकट, पापड, लोणचे वर्ज्य करावे, कारण मिठानेच तहान वाढते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ घेऊ नये. त्यात बहुधा पोटॅशियम असते. शहाळे व केळे डॉक्टरांस विचारल्यावाचून देऊ नये. दम, छातीत दुखणे किंवा अंगात एकाएकी अशक्तपणा आल्यास पुढच्या पाळीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

खर्चाची धास्ती असेल त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तीत डायलिसिसचा समावेश आहे. आणि जे आज धडधाकट आहेत, त्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. मूत्रपिंडे बिघडविणारी मुख्य कारणे हीच दोन होत. पेरणीपूर्वी बी तपासणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट अधिक सांगणे नलगे.