लिस्बनच्या दप्तरातले आजोबा

गेल्या हिवाळ्यात सुरतेच्या अडाजण भागातील आमच्या शेजाऱ्यांनी एक जीर्ण कागद माझ्यासमोर जपून उलगडला. घरातील वडीलधाऱ्या आजोबांच्या जन्मनोंदीचा तो उतारा होता. गाव नानी दमण, भाषा पोर्तुगीज. आजोबांच्या नावाच्या आरंभीचा ‘श’ त्यावर रोमन लिपीतील ‘एक्स’ या अक्षराने लिहिला होता, कारण पोर्तुगीज लेखनात हा उच्चार बहुधा त्याच अक्षराने दाखवतात. पुढे रेशन कार्डापासून मतदार यादीपर्यंत तोच ‘श’ इंग्रजी रीतीने ‘एस’ आणि ‘एच’ जोडून लिहिला गेला, आणि त्यामुळे एकच मनुष्य कागदोपत्री दोन इसम होऊन बसला. हा घोळ मिटल्याखेरीज नातवाच्या पोर्तुगीज पासपोर्टाची गोष्ट पुढे सरकणार नव्हती.

सुरतेहून आगगाडीने वापीला उतरले की दमण हाकेच्या अंतरावर आहे. १५५९ पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ, तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. लगतची नगर हवेली तर आपल्या पेशवे सरकारनेच ‘सांताना’ नावाच्या जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी १७८३ साली त्यांच्या हवाली केली होती, आणि १९५४ साली तो मुलूख सोडविण्यासाठी जे स्वयंसेवक गेले, त्यांत सुधीर फडके होते हे मराठी माणसाला सांगावयास नको. या सर्व प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने मान्य केले. परंतु भूमीवरील हक्क सोडला म्हणून त्या भूमीत आपल्या अमलाखाली जन्मलेल्या माणसांशी असलेले नातेही तुटले, असे त्या देशाने मानले नाही. अशा मनुष्याने आपला जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी दप्तरात रुजू करून घेतला, की तो मूळचाच पोर्तुगीज नागरिक समजला जातो. आणि १९८१ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे पोर्तुगीज बापाच्या किंवा आईच्या परदेशी जन्मलेल्या अपत्यालाही केवळ जन्म नोंदवून तोच दर्जा मिळतो.

म्हणून येथे नातू एकदम अर्जदार होत नाही. आधी आजोबांचा जन्म, मग त्यांचा विवाह, मग सुरतेत जन्मलेल्या मुलाचा जन्म आणि त्याचा विवाह, आणि अखेरीस नातू, अशी पायरीपायरीने नोंद चढवावी लागते. प्रत्येक दाखल्याची अस्सल नक्कल, तिचे पोर्तुगीज भाषांतर आणि परराष्ट्र खात्याचे अपोस्टिल जोडावे लागते. बापलेकाचे नाते मूल अज्ञान असतानाच कायद्याने सिद्ध झालेले असावे, ही अट सामान्यतः अनेकांना आडवी येते, कारण आपल्याकडे पूर्वी जन्म आणि लग्ने घरोघरी साजरी झाली, पण सरकारदरबारी नोंदविली गेलीच असे नाही.

इतक्या खटाटोपामागील ओढ उघड आहे. या पासपोर्टावर युरोपीय संघाच्या कोणत्याही देशात राहून काम करता येते, आणि ब्रिटन त्या संघात होते तोवर दमण-दीवची असंख्य कुटुंबे लेस्टरसारख्या शहरांत जाऊन स्थिरावली. या तरुणांना कोणी देशद्रोही म्हटले, तर मला ते सर्वस्वी अन्यायाचे वाटते. पोटासाठी समुद्र ओलांडणे ही सुरतेच्या किनाऱ्याची जुनीच रीत आहे. मात्र ‘दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात’ असे जे त्यांना बिनदिक्कत सांगितले जाते, त्याचा मला मनापासून संताप येतो. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात आणते, आणि परदेशी पासपोर्ट घेणे हाच त्या स्वेच्छेचा निर्णायक पुरावा मानावा, असे नियमच आहेत. त्यानंतर मतदानाचा हक्क जातो, शेतजमीन खरेदी करता येत नाही. उरते ते परदेशस्थ भारतीय नागरिकाचे ओळखपत्र, ज्याच्या नावात नागरिक हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. २८ मार्च १९६२ च्या हुकुमाने भारत सरकारनेही असाच वंशाचा धागा धरला होता: जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकी अथवा आजीआजोबांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मला, तो भारताचा नागरिक झाला असे मानावे, ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व राखावयाचे असेल, त्याने एका महिन्याच्या मुदतीत तसे लेखी कळवावे. आमच्या शेजारच्या आजोबांनी तेव्हा काहीच कळविले नाही, आणि ते भारतीय झाले.

परवा दोन्ही नावांचा मनुष्य एकच, असे प्रतिज्ञापत्र वकिलांनी आणले. नातू शेजारी बसून लेखणी पुढे करीत होता. आजोबांनी आधी एका कोऱ्या कागदावर, दमणच्या शाळेत घोटलेला तो ‘एक्स’ दोनदा गिरवून पाहिला, आणि मग खाली सही केली ती मात्र गुजरातीत.