इंद्रीच्या अरण्यात जाण्यापूर्वी
ज्या लेमूर-कुळाचे नैसर्गिक वास्तव्य अवघ्या पृथ्वीवर मादागास्कर बेटापुरतेच मर्यादित आहे, त्याच्या दर्शनाची अभिलाषा धरणाऱ्याने जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने वगळून शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरचीच तजवीज करावी. कारण त्या सुमारास पिल्ले मातेच्या अंगाला बिलगलेली दिसतात आणि थंडीत दडलेले, रंग बदलणारे सरडेही पुन्हा फांद्यांवर येतात. राजधानी अंतानानारिव्होच्या पूर्वेस सुमारे १५० किलोमीटरांवरील अंदासिबे येथे प्रवेशाचा परवाना व स्थानिक वाटाड्या आवश्यक. मुक्काम मात्र दोन रात्रींचा तरी ठेवावा. कारण तिथल्या अरण्यातील आखूड शेपटीचा, काळ्या-पांढऱ्या लोकरीचा इंद्री हा लेमूर सकाळी उंच झाडावरून, ओठांचा चंबू करून, जी दीर्घ, आर्त साद घालतो, ती दोन-तीन किलोमीटरांवर ऐकू जाते; आणि बंदिवासात हा प्राणी जगत नसल्यामुळे ती ऐकण्यास त्या अरण्यातच जावे लागते.