मोटारगाडी, रेडिओ-नियंत्रित प्रतिमान

खऱ्या मोटारगाडीच्या धर्तीवर लहान प्रमाणात बनविलेली व दूरवरून रेडिओ तरंगांच्या साहाय्याने चालविता येणारी गाडी. चालकाच्या हातातील प्रेषक, गाडीत बसविलेला ग्राही, ग्राहीकडून मिळणाऱ्या संदेशानुसार सुकाणू व गती बदलणाऱ्या यंत्रणा, विद्युत् चलित्र, विद्युत् घटमाला आणि हे सर्व वाहून नेणारा सांगाडा हे तिचे प्रमुख भाग होत. १:१०, १:१२ व १:२४ ही प्रमाणे विशेष प्रचारात आहेत. ४ मी. लांबीच्या गाडीचे १:१० प्रमाणातील प्रतिमान ४० सेंमी. लांब होते.

असे प्रतिमान घरी बनविताना संदेश पाठविणे हा भाग आता फारसा कठीण राहिलेला नाही. खरी अडचण निराळीच असते. मोठा प्रवाह ओढणारे व ठिणग्या पाडणारे चलित्र आणि अत्यंत क्षीण संदेश टिपणारा ग्राही यांना एकाच लहानशा सांगाड्यावर, पुष्कळदा एकाच घटमालेवर, चालवावे लागते. त्यामुळे गाडी धावणे आणि ती चालकाच्या आज्ञेत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. आराखड्यातील बहुतेक निर्णय या दोहोंचा मेळ घालण्यासाठीच घ्यावे लागतात.

इतिहास : निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओ तरंगांनी चालणाऱ्या नौकेचे प्रतिमान लोकांना दाखविले व त्याच वर्षी त्याचे अमेरिकेतील एकस्व मिळविले. १९३० नंतरच्या दशकात हौशी लोकांनी हे तंत्र विमानांच्या प्रतिमानांना लावले. निर्वात नलिकांचे ग्राही व त्यांच्या घटमाला जड असल्याने लहान मोटारगाडीत ते बसविणे अवघड होते. शिवाय प्रारंभीच्या साध्या यंत्रणांमध्ये बटण दाबले की सुकाणू एका बाजूस पूर्ण वळे आणि पुन्हा दाबले की दुसऱ्या बाजूस. मधल्या अवस्था नसत. ट्रँझिस्टरमुळे ग्राहीचे वजन घटले आणि १९६० नंतरच्या दशकात चालकाच्या हाताच्या हालचालीच्या प्रमाणात सुकाणू वळविणारी प्रमाणबद्ध नियंत्रणपद्धती प्रचारात आली. १९६६ मध्ये इटलीतील एल-जी या कंपनीने फेरारी २५० एलएम या गाडीचे १:१२ प्रमाणातील रेडिओ-नियंत्रित प्रतिमान विक्रीस आणले. जपानमधील तामिया या कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ या गाडीचा, घरी जुळवावयाचा विद्युत् चलित्रयुक्त संच बाजारात आणल्यावर हा छंद सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला.

गती व दंतगुणोत्तर : आराखड्याचा आरंभ गाडीचे अपेक्षित वजन व गती ठरवून करतात. चलित्र थेट चाकाला जोडता येत नाही. कारण ते अतिशय वेगाने फिरते, पण त्याचे परिबल (फिरविण्याचे सामर्थ्य) अल्प असते. दंतचक्रांनी फेरे कमी केले की त्याच प्रमाणात परिबल वाढते. उदा., चलित्र मिनिटास १२,००० फेरे करीत असून चलित्र व चाक यांचे दंतगुणोत्तर ८:१ असल्यास चाकाचे मिनिटास १,५००, म्हणजे सेकंदास २५ फेरे होतात. चाकाचा व्यास ६५ मिमी. असल्यास त्याचा परिघ सु. २०४ मिमी. येतो आणि गाडीची गती सेकंदास सु. ५.१ मी., म्हणजे ताशी सु. १८ किमी. होते. गुणोत्तर ४:१ केल्यास गती कागदावर दुप्पट होते. परंतु चाकाला मिळणारे परिबल निम्मे होते. मग गाडी सुरू होताना किंवा चढावर चलित्र अडखळते, जास्त प्रवाह ओढते व तापते. म्हणून नवशिक्याने मोठे गुणोत्तर घेऊन आरंभ करावा आणि चलित्र फार तापत नाही असे पाहूनच ते हळूहळू कमी करावे.

सांगाडा व सुकाणू : सांगाड्यासाठी १.५ ते २ मिमी. जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा ३ ते ४ मिमी. जाडीचे प्लायवुड पुरते. सांगाडा पिळला जाऊ नये यासाठी पत्र्याच्या कडा दुमडतात. घटमाला हा सर्वांत जड भाग असल्याने ती शक्य तितकी खाली व मध्यरेषेजवळ ठेवतात. तसे न केल्यास वळणावर गाडी उलटते. चलित्राची बैठक लांबट छिद्रांची केल्यास दंतचक्रांमधील अंतर जुळविणे सोपे जाते. दाते घट्ट रुतल्यास शक्ती वाया जाते, तर सैल राहिल्यास ते तुटतात.

वळताना आतील पुढचे चाक बाहेरील चाकापेक्षा लहान वर्तुळावर फिरते. म्हणून ते अधिक वळावे लागते. जर्मनीतील गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी शोधलेल्या व रूडोल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये एकस्व घेतलेल्या रचनेने हे साधते. लहान प्रतिमानातही ती तितकीच उपयुक्त आहे. समजा, पुढील व मागील आसांमधील अंतर २५० मिमी., पुढील चाके ज्यांवर वळतात त्या उभ्या खिळींमधील अंतर १६० मिमी. आणि मागील आसाच्या मध्यबिंदूची वळणत्रिज्या ७०० मिमी. आहे, तर आतील चाक सु. २२° व बाहेरील चाक सु. १८° वळले पाहिजे. दोन्ही चाकांच्या भुजा मागे वळवून त्यांच्या रेषा वाढविल्यास त्या मागील आसाच्या मध्याजवळ मिळतील असे केले की हा फरक जवळजवळ आपोआप साधला जातो. भुजा समांतर ठेवल्यास पुढील चाके फरफटतात, टायर झिजतात व वळताना गती कमी होते.

नियंत्रण : प्रेषकावरील दांडीच्या स्थितीचे रूपांतर विद्युत् स्पंदाच्या कालावधीत केले जाते. ग्राहीकडून सुकाणूच्या सेवायंत्रणेकडे साधारणतः दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद जातो. स्पंद १.५ मिलिसेकंद टिकल्यास सुकाणू मध्यभागी राहतो; १ व २ मिलिसेकंदांचे स्पंद त्याला दोन बाजूंच्या टोकांकडे नेतात. सेवायंत्रणेत लहान चलित्र, दंतचक्रे व अखेरच्या दंतचक्राला जोडलेला बदलता रोधक असतो. रोधकावरून भुजेची प्रत्यक्ष स्थिती समजते. ती व स्पंदाने मागितलेली स्थिती यांत फरक असेपर्यंत चलित्र फिरत राहते व फरक नाहीसा झाला की थांबते. मुख्य चलित्राचा गतिनियंत्रकही अशाच स्पंदावर चालतो. तो घटमालेचा प्रवाह सेकंदास शेकडो किंवा हजारो वेळा तोडून-जोडून चलित्राला मिळणारी सरासरी शक्ती कमी-जास्त करतो. पूर्वी यासाठी वापरीत असलेल्या तारेच्या रोधकात बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जात असे.

प्रारंभी २७ मेगॅहर्ट्‌झच्या आसपासची कंप्रता वापरीत आणि शेजारच्या गाड्यांचे संदेश एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक चालक वेगळा स्फटिक वापरी. हल्ली प्रामुख्याने २.४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा वापरतात. त्यात प्रेषक व ग्राही आधी परस्परांशी सांकेतिक क्रमांकाने बांधले जात असल्याने अनेक गाड्या एकाच मैदानावर चालू शकतात. या कंप्रतेच्या तरंगाची लांबी सु. १२.५ सेंमी. असल्याने सु. ३ सेंमी. लांबीचा आकाशक पुरतो. मात्र तो धातूच्या पत्र्यापासून दूर व उभा ठेवावा लागतो. भारतात २.४ ते २.४८३५ गिगॅहर्ट्‌झ हा पट्टा २००५ मध्ये ठराविक शक्तिमर्यादेत परवानामुक्त करण्यात आला. या मर्यादेचा भंग होऊ नये म्हणून प्रेषक व ग्राही यांची मान्यताप्राप्त तयार जोडी घेऊन उरलेली गाडी स्वतः बनविणे श्रेयस्कर ठरते.

विद्युत् पुरवठा व व्यत्यय : निकेल-धातू हायड्राइड घटाचा दाब १.२ व्होल्ट असतो. असे सहा घट मिळून ७.२ व्होल्ट दाब मिळतो. लिथियम-पॉलिमर घट ३.७ व्होल्टचा व वजनाच्या मानाने अधिक ऊर्जा साठविणारा असतो. परंतु तो ४.२ व्होल्टच्या वर भारित केल्यास, भोसकला गेल्यास किंवा त्याची टोके एकमेकांस जोडली गेल्यास पेट घेण्याचा धोका असतो. २ अँपिअर-तास क्षमतेची घटमाला सरासरी ८ अँपिअर प्रवाह देत असल्यास सु. १५ मिनिटे पुरते.

गाडी भिंतीला अडून चलित्र थांबले की प्रवाह अनेक पटींनी वाढतो. तो ३० अँपिअर झाला आणि घटमाला, तारा व जोड यांचा एकूण रोध ०.०८ ओहम असला, तर २.४ व्होल्ट दाब वाटेतच खर्ची पडून ७.२ ऐवजी ४.८ व्होल्टच उरतो. अशा वेळी ५ व्होल्टचा पुरवठा अपुरा पडून ग्राही क्षणभर बंद पडू शकतो. चालकाला दोष प्रेषकात किंवा आकाशकात आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो एखाद्या बारीक तारेत किंवा नीट डाख न दिलेल्या जोडात असतो. तारा जाड व आखूड ठेवणे, जोड नीट डाखणे आणि शक्य असल्यास ग्राहीला चार घटांची स्वतंत्र ४.८ व्होल्टची घटमाला देणे हे त्यावरील उपाय होत. स्वतंत्र घटमाला वापरल्यास गतिनियंत्रकाकडून ग्राहीला येणारी धन तार तोडून झाकावी लागते. चलित्राच्या ब्रशांपाशी पडणाऱ्या ठिणग्यांचा उपद्रव कमी करण्यासाठी त्याच्या दोन टोकांमध्ये, तसेच प्रत्येक टोक व बाह्य कवच यांमध्ये ०.१ मायक्रोफॅराडचे धारित्र जोडतात.

चाचणी व सुरक्षितता : १.५ किग्रॅ. वजनाची गाडी सेकंदास ५ मी. गतीने आदळल्यास होणारा आघात ती सु. १.३ मी. उंचीवरून पडल्यासारखा असतो. लहान मुलाच्या पायाला त्यामुळे इजा होऊ शकते. म्हणून संदेश तुटताच चलित्र थांबेल अशी व्यवस्था ग्राहीत करून घेणे अत्यावश्यक असते. तिची परीक्षा सोपी आहे. चाके जमिनीवरून उचलून गाडी मंद गतीने चालवावी व प्रेषक बंद करावा; चाके तत्काळ थांबली पाहिजेत. ती फिरतच राहिली, तर गाडी मैदानात नेऊ नये. यानंतर मदतनीस सोबत घेऊन ३० ते ५० मी. अंतरावरून संदेश पोहोचतो की नाही हे पाहतात. नेहमीच्या वापरात प्रेषक आधी चालू व सर्वांत शेवटी बंद करतात. यामुळे गाडी कधीही चालकावाचून राहत नाही.

घरी बनविलेली गाडी बाजारातील गाडीपेक्षा क्वचितच वेगवान असते. मात्र यामिकी, विद्युत् व रेडिओ या तिन्ही शाखांतील तत्त्वे परस्परांवर कशी अवलंबून असतात, हे ती बनविणाऱ्यास प्रत्यक्ष अनुभवता येते. मोडलेला प्रत्येक भाग पुन्हा दुरुस्त करता येतो, हाही तिचा मोठा लाभ होय.