सवडीचें काम आणि जुन्या मोटारीचें इंजिन

मोठ्या कुटुंबांत कोणतेंही मोठें काम सलगपणें होत नाहीं, हा अनुभव सर्वांचाच आहे. मुलांच्या परीक्षा, लग्नकार्यें, सणवार, आजारपणें, पाहुण्यांची ये-जा आणि छपराची गळती यांमधून जो वेळ उरेल तोच सवडीच्या कामाचा वेळ. अशा तुटक वेळांत बाग लावतां येते, पुस्तकांचें कपाट करतां येतें. परंतु मोटारीचें इंजिन सुटें करून, झिजलेले भाग बदलून, तें पुनः जोडतां येईल काय? आमच्या घरीं गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला व त्याचें उत्तर ‘होय’ असें मिळालें. मात्र तें उत्तर यंत्रविद्येनें जितकें दिलें, तितकेंच व्यवस्थेनें दिलें. म्हणूनच ज्यांच्या दारांत मोटार नाहीं त्यांसही ही हकीकत उपयोगी पडेल, असें वाटून ती येथें देत आहों.

गाडी कोणती व वाद कशाचा

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ सालची, आमच्या कैलासवासी वडील बंधूंनीं घेतलेली. पद्मिनीचें मूळ कुल इटालियन. फियाट कंपनीनें १९५३ सालीं ‘११००’ या नांवाची जी नवी गाडी बाजारांत आणली, तिच्याच वंशांतील ही गाडी. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तिची निपज १९६४ पासून होऊं लागली व १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. त्या काळीं मोटारीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, हें वडील मंडळींस स्मरत असेल. पुढें शतक पालटण्याच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींपैकीं शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत नोंदली गेली. आणि टॅक्सीस २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ अखेर ती परंपराही संपली.

आमची गाडी निळा धूर सोडूं लागली व चढावर तिचा दम उखडूं लागला, तेव्हां घरांत तीन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, भंगारवाल्यास बोलवावें. दुसरा म्हणे, कोठून तरी जुनें पण चालतें इंजिन आणून बसवावें. तिसरा पक्ष आमच्या पुतण्याचा. तो बँकेंत नोकरीस असून हाताचा कुशल आहे. त्याचें म्हणणें असें कीं, नोंदणीपुस्तकांत गाडीच्या सांगाड्याप्रमाणेंच इंजिनाचाही क्रमांक असतो. दुसरें इंजिन बसविलें कीं ती नोंद बदलून घेण्याची यातायात आली, आणि परक्या इंजिनाच्या पोटांत काय आहे हें कोणीं पाहिलें आहे? शिवाय ५० वर्षांहून जुन्या गाड्यांस विशेष नोंदणी देणारे नियम सरकारनें २०२१ सालीं केले आहेत. आमच्या गाडीस तें वय गांठावयास फार अवकाश नाहीं, व अशा गाडीचें मोल तिच्या मूळपणांतच असतें.

वहिनी इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनीं वाद एका वाक्यांत मिटविला. “ह्यांची गाडी जायचीच असेल तर ती आपल्या पायांनीं जाऊं दे, दोरीनें ओढून नेलेली मला पाहावणार नाहीं.” म्हणजे ठेवावयाची असो वा द्यावयाची असो, गाडी आधीं चालती झाली पाहिजे, असें ठरलें.

रोगपरीक्षा

इंजिन खोलण्यापूर्वीं त्याची परीक्षा करणें हें पहिलें कर्तव्य. धुराचा रंग पुष्कळ सांगतो. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. आणि इंजिन चांगलें तापल्यावरही पांढरा, वाफेसारखा धूर थांबत नसेल तर सिलिंडरांत पाणी शिरत असावें. यापुढची परीक्षा दाबाची. स्पार्क प्लग काढून त्याच्या जागीं दाबमापक लावावयाचा, स्टार्टरनें इंजिन फिरवावयाचें आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून घ्यावयाचा. ज्याचा दाब कमी, त्यांत चमचाभर तेल सोडून पुनः पाहावें. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत, कारण तेलानें ती फट क्षणभर बुजते. न वाढला तर दोष व्हॉल्व्हांत किंवा हेडच्या गॅस्केटांत शोधावा. आमच्या चार सिलिंडरांपैकीं दोहोंत तेलानें दाब स्पष्ट वाढला व तिसऱ्यांत मुळींच वाढला नाहीं. म्हणजे रिंगा गेल्या होत्या आणि कोठें तरी एक व्हॉल्व्हही नीट बसत नव्हता. इंजिन उतरविल्यावांचून आतां गत्यंतर नव्हतें.

पदच्छेद

संस्कृत श्लोक लावतांना आधीं पदच्छेद करावयाचा व मग अन्वय. इंजिनाचेंही तसेंच आहे. भेद इतकाच कीं, श्लोकांतील पदें इकडची तिकडे झालीं तरी विभक्ति त्यांचें नातें सांगते. इंजिनांत ती विभक्ति आपणांस स्वतःच लावून ठेवावी लागते.

पद्मिनीचें इंजिन एका ओळींतील चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरचें. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर व पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. सिलिंडरांचा ठोकळा बिडाचा आणि वरचें हेड ॲल्युमिनियमचें. बाहेरून सारखे दिसणारे भाग यांत पुष्कळ. परंतु वर्षानुवर्षें एकत्र झिजल्यामुळें प्रत्येकाची आपल्या जोडीदाराशीं मैत्री जमलेली असते. चार पिस्टन, आठ व्हॉल्व्ह व आठ पुशरॉड हे आपापल्या जागींच परत गेले पाहिजेत. सर्वांत नाजूक प्रकरण बेअरिंगांच्या कॅपांचें. कॅप म्हणजे क्रँकशाफ्टला खालून मिठी मारणारें अर्धगोल टोपण. तें त्याच्या वरच्या अर्ध्याशीं बोल्टनें जोडून, दोहोंचें मिळून एकच भोंक कापलेलें असतें. म्हणून एकाचें टोपण दुसऱ्यास चालत नाहीं, आणि स्वतःचेंही उलटें फिरवून चालत नाहीं.

पुतण्याची कन्या नववींत शिकते. इंजिन खोलतांना टिपणें ठेवण्याचें काम तिनें आपण होऊन मागून घेतलें. पुठ्ठ्याच्या खोक्यास आठ भोंकें पाडून तिनें त्यांवर क्रमांक घातले व पुशरॉड त्यांत उभे केले. प्रत्येक पायरीचें छायाचित्र घेतलें, बोल्ट निरनिराळ्या डब्यांत घालून चिठ्ठ्या लावल्या. एके दिवशीं तिनें विचारलें, “आजोबा, तिसऱ्या रॉडच्या कॅपवरची खूण दुसऱ्या बाजूला कशी?” पाहतों तों पूर्वीं कोणा कारागिरानें ती कॅप उलटी बसविलेली! तेथील बेअरिंग एका कडेला चकाकत होतें व दुसऱ्या कडेला खरवडलेलें. इंजिनाच्या पोटांतून मधून मधून जो ठोका ऐकूं येई, त्याचें कारण हें असें एका मुलीच्या चौकस दृष्टीनें सांपडलें.

घरचें काम व कारखान्याचें काम

घरीं काय करावें व बाहेर काय द्यावें याची सीमा मोजमाप ठरवितें. सिलिंडर वरच्या अंगास अधिक झिजतो, कारण तेथें उष्णता व दाब अधिक आणि तेल कमी. म्हणून तो वर, मध्यें व खालीं, आडवा आणि उभा, असा निरनिराळ्या ठिकाणीं मोजावा लागतो. क्रँकशाफ्टच्या गोलाईचेंही तेंच. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत हा हिशेब चालतो. तेथें डोळ्याचा अंदाज कामाचा नाहीं. आमचे सिलिंडर मर्यादेबाहेर झिजले होते, म्हणून ते बोअर करून किंचित् मोठे पिस्टन घालणें आलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पिस्टन आधीं विकत घ्यावे, ते कारखान्यांत न्यावे व प्रत्यक्ष त्यांच्या मापानें सिलिंडर कापून घ्यावे. आधीं सिलिंडर कापून मग पिस्टन शोधीत हिंडणें म्हणजे अंगरखा शिवून मग त्या मापाचा माणूस शोधणें होय. क्रँकशाफ्टचें ग्राइंडिंग व हेडची सपाटीही बाहेरच करून घेतली. बाकी धुणें, घासणें, व्हॉल्व्ह बसविणें व जुळणी हें सर्व घरीं.

बोअर करून आलेला ठोकळा रॉकेलनें पुसला कीं स्वच्छ झाला, असें पुष्कळांस वाटतें. परंतु घासण्याच्या दगडाची बारीक पूड लोखंडाच्या सूक्ष्म रेघांत बसलेली असते. ती रॉकेलनें नीट निघत नाहीं व पुढें नव्या रिंगा खाऊन टाकते. तिला गरम पाणी, साबण आणि ब्रश हाच उपाय. पांढरें फडकें फिरवून तें पांढरेंच राहीपर्यंत धुवावें, आणि कोरडें करून तत्काळ तेल लावावें. कारण उघड्या बिडावर तासाभरांतही तांबूस गंज दिसूं लागतो.

खंड पडल्यावर

आतां मुख्य गोष्ट. ठोकळा घरीं आला तो जूनमध्यें, आणि त्याच आठवड्यांत माडीचें छप्पर गळूं लागलें. मग गणपति, मग वहिनींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया, मग भाचीचें लग्न. इंजिन अकरा महिने सुटें पडून होतें. गॅरेजमध्यें सायकली ठेवावयास जागा उरली नाहीं, आणि भंगारवाल्याचें नांव पुनः निघूं लागलें.

अशीं कामें कठीणपणामुळें फारशीं बुडत नाहींत, विस्मरणामुळें बुडतात. अकरा महिन्यांनीं माणूस परत येतो तेव्हां कोणता बोल्ट नुसता हातानें लावला होता व कोणता पक्का आवळला होता, हें त्यास आठवत नाहीं. आणि आठवतें असें वाटणें हें तर न आठवण्याहूनही भयंकर. आमचें काम तरलें तें दोन गोष्टींनीं. पहिली, पावसाळ्याआधीं सिलिंडर व क्रँकशाफ्ट यांस भरपूर तेल चोपडून, तोंडें बंद करून, सर्व भाग प्लास्टिकांत गुंडाळले होते. दुसरी, मुलीची वही. तिनें नियम केला होता कीं, हात धुण्यापूर्वीं दोन ओळी लिहावयाच्या: आज शेवटीं काय केलें, व पुढच्या वेळीं आधीं काय करावयाचें. वहीची शेवटची नोंद अशी होती: “मधली मुख्य कॅप नुसती ठेवली आहे, आवळलेली नाहीं. आधीं तेल, मग आवळणें.” ही ओळ नसती तर ती कॅप आवळलेली आहे असेंच समजून पुतण्या पुढें गेला असता, तसें त्यानें स्वतःच बोलून दाखविलें.

अन्वय

जुळणींत घाई वर्ज्य. प्रत्येक रिंग सिलिंडरांत सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट पट्टीमापकानें मोजावी. फट मुळींच नसेल तर तापल्यावर टोकें एकमेकांस भिडून रिंग मोडते व सिलिंडर ओरबाडते. प्रत्येक कॅप आवळली कीं क्रँकशाफ्ट हातानें फिरवून पाहावा. अडला तर तेथेंच थांबावें. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, ठरलेल्या क्रमानें, दोन-तीन टप्प्यांत, बल मोजणाऱ्या पान्यानें आवळावे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाहून अधिक फुगतें, म्हणून एका कडेचा उतावळा ताण हेड वांकवूं शकतो. ठिणगीचा क्रम १-३-४-२. प्लगच्या तारा त्याच क्रमानें लागल्या पाहिजेत.

घरांतल्यांसाठीं तीन सूचना. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये. भक्कम घोड्या लावाव्या. पेट्रोलचें भांडें व देवाची समई एका छपराखालीं नसावीं. आणि बंद गॅरेजमध्यें इंजिन चालवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस ना रंग ना वास.

गेल्या वैशाखांत प्लग काढून इंजिन आधीं नुसतेंच फिरविलें, तेलाचा दाब आल्याची खात्री केली, आणि मग प्लग लावले. तिसऱ्या प्रयत्नास तें चालू झालें. धूर थोडा वेळ दिसला, तो जुळणीच्या तेलाचा, मग विरला. पहिल्या कांहीं शेंकडा किलोमीटरांनंतर तेल बदलून टॅपेट पुनः तपासले. गाडी ठेवावयाची कीं द्यावयाची हा विषय त्यानंतर घरांत निघालेला नाहीं. वहिनी दर गुरुवारीं तींतून देवळांत जातात.

हा खर्च व खटाटोप प्रत्येक घरीं व्हावा, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यास मापें घेण्याचा कंटाळा, त्यानें इंजिनास हात न लावणेंच बरें. परंतु ज्याच्याजवळ कौशल्य आहे व सलग वेळ मात्र नाहीं, त्यानें केवळ वेळ नाहीं म्हणून हातपाय गाळूं नयेत. सुट्या केलेल्या प्रत्येक वस्तूस तिचें स्थान द्यावें, अर्ध्यावरचें काम झांकून ठेवावें, आणि उठण्यापूर्वीं दोन ओळी लिहाव्या. वेळ तुटक असला तरी चालतें. सूत्र तुटतां कामा नये.