कोरडं बॉनेट

थंडीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते. जुना ट्रॅक्टर बघायला जायचे दिवस तेच, हे उमगायला माझे दोन सौदे चुकले.

पहिला १९९४ सालचा. भर दुपारी पोचलो, सेल्फ मारताच ट्रॅक्टर चालू. पैसे मोजून घरी आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे बॅटरी संपेस्तोवर नुसता पांढरा धूर. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापून डिझेल पेटतं. रिंगा झिजल्या की दाब निसटतो, गार लोखंड उरलीसुरली ऊब खातं. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ते दुपारी दिसलं नाही, कारण मालकानं मी येण्याआधीच इंजिन तापवून ठेवलं होतं. लायनर-पिस्टनच्या खर्चात पुढचा हंगाम गेला.

त्या धसक्यानं २००३ मध्ये उलटी चूक केली. एक ट्रॅक्टर बराच वेळ चालू होईना, म्हणून नाकारला. शेजाऱ्यानं तोच स्वस्तात घेतला. सेल्फ फिरत असताना सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नव्हता, हे मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. धूर नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. फिल्टरजवळचे तांब्याचे दोन वायसर बदलले, हँडपंप मारून लाइनीतली हवा काढली, काम झालं. पुढं कित्येक वर्षं त्याची फवारणी माझ्या बांधाशेजारूनच चालायची. हा सल पहिल्यापेक्षा जास्त.

तेव्हापासून आधी रेडिएटरच्या पाइपावर आणि ब्लॉकवर हात ठेवतो. ट्रॅक्टर उतारावर लावलेला असेल तर सपाटीवर घ्यायला सांगतो. सेल्फ रेंगाळला तर इंजिनाला दोष देण्याआधी बॅटरीची टर्मिनलं आणि अर्थिंगची पट्टी बघतो. हा खर्च फुटकळ. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण उघडतो. भसाभस वाफारा आला तर किंमत विचारत नाही.

जुन्या बी-२७५ च्या काळात गार सकाळी हीटर तापण्याची वाट बघावी लागे. नावापुढं डीआय लागलं, डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जाऊ लागलं आणि ती वाट बघणं सरलं. २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ चे प्रदूषणाचे नियम आले. त्यांतल्या कॉमन रेल इंजिनांपुढं माझ्या हाताचं-नाकाचं फारसं चालत नाही. जुन्या बाजारात मात्र अजून साध्या पंपाचंच राज्य आहे.

गेल्या डिसेंबरात भाच्यासाठी गेलो. पहाटे सहाला येतो, आधी चालू करू नका, असं बजावलं होतं. अंगणात दव, ट्रॉलीवर दव, टायरांवर दव; बॉनेट तेवढं कोरडं. चहा घेतला, बोलतो म्हणालो आणि दुसऱ्या पहाटे न सांगता पुन्हा गेलो. त्या दिवशी बॉनेट ओलं होतं आणि मालकाला किल्ली सापडत नव्हती.