पेढीवरील शिक्षण

पूर्वी पेढीवर नवा मुलगा आला की प्रथम त्याच्या हाती केरसुणी येई, मग तराजू, आणि पुष्कळ दिवसांनी रोजमेळ. मुनिमांच्या शेजारी बसून तो खतावणी शिके. यास कोणी प्रशिक्षण म्हणत नसे. परंतु पेढीची पत त्यावरच उभी असे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि संगणकावर विवरणपत्रे भरणे प्राप्त झाले. अनुभवी मुनीमही तेथे विद्यार्थी ठरले. उलट, संगणक जाणणाऱ्या तरुणास गिऱ्हाइकाची पत जोखता येत नाही. दोघांनी परस्परांस शिकविले, तरच पेढी चालेल.

शिकविलेला माणूस सोडून जाईल, ही आपली भीती खोटी नाही. परंतु गेला तरी तो कोणत्या पेढीवर शिकला, हे बाजार विसरत नाही.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. त्याखालील नियमांत २०१९ साली झालेल्या सुधारणेने ३० वा अधिक माणसांच्या आस्थापनांस उमेदवार घेणे बंधनकारक केले. ४ ते २९ माणसे असणाऱ्यांस ते ऐच्छिक ठेविले. आपल्या लहान पेढ्यांवर म्हणजे सक्ती नाही. तेव्हा व्यापारी बंधूंनी हे कर्तव्य आपण होऊन पत्करावे. रोज वही मिटण्यापूर्वीचा अर्धा तास त्यास पुरेल.